नवस आत्याचा, पाय माझे

वणीत माणूस बरा झाला की नाही, हे डॉक्टर ठरवत नाहीत. डॉक्टर फार तर डिस्चार्ज कार्ड देतात. त्यावर ‘प्रकृती स्थिर’ असं लिहिलेलं असतं आणि ते अक्षरशः खरं असतं, कारण त्या अवस्थेत माणसाला जिथं ठेवावं तिथं तो स्थिर राहतो. बरं झाल्याचा दाखला मिळतो तो गडावर. “गडावर जाऊन आले का?” या एका प्रश्नात गावाची सगळी तपासणी उरकते. हो म्हणालात तर तुम्ही बरे. नाही म्हणालात तर लोक तुमच्याशी बोलताना आवाज खाली आणतात.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडा भूगोल. उभा महाराष्ट्र ‘वणीची देवी’ म्हणतो, पण ती देवी वणीत नाही. वणी दिंडोरी तालुक्यात, सप्तशृंगगड कळवण तालुक्यात. गावात जगदंबेचं देऊळ आहे, ते आमचं रोजचं. नाशिकहून एसटीनं येऊन आमच्या स्टँडवर उतरलेला नवखा भाविक “मंदिर कुठल्या अंगाला?” असं विचारतो, तेव्हा आम्ही त्याला पुढं नांदुरीला धाडतो. तिथून दहाएक किलोमीटरचा घाट, मग गडावरचं गाव, आणि मग पायऱ्या. त्या पाचशेच्या घरात आहेत. नक्की आकडा विचारू नका. दोन वणीकरांचा आकडा जुळला तर त्यातल्या एकानं मोजलेल्या नाहीत, असं खुशाल समजावं.

मी न्यूमोनियानं नाशिकच्या एका दवाखान्यात महिन्याच्या वर काढला. त्यातले बरेच दिवस आयसीयूत. मला त्यातलं फारसं आठवत नाही. घरच्यांना सगळं आठवतं आणि ते बिलासकट सांगतात. याच काळात आयसीयूच्या दाराबाहेरच्या बाकड्यावर बसून माझ्या आत्यानं नवस बोलला : “भाच्याला सुखरूप घरी आण माय, तो पायी गड चढून खणनारळ घेऊन येईल.”

या व्यवहाराची मला एखाद्या वकिलाकडून तपासणी करून घ्यायची आहे. करार आत्या आणि देवी यांच्यात. जामीन म्हणून माझे पाय. आणि सही झाली त्या वेळी मी व्हेंटिलेटरवर. आत्या स्वतःच्या नावावर काहीही बोलू शकली असती. पाच शनिवार धरते, साखर सोडते, असलं काहीही. पण तिला साखरेचा चहा लागतो आणि तिचे गुडघे गेलेत. घरात बिनकामाचे पाय म्हणून त्या दिवशी माझेच शिल्लक होते.

घरी आल्यावर पहिल्यांदा मी ते पाय नीट पाहिले. पायजम्याला पाय होते, पण त्या पायांत माझे पाय शोधावे लागत होते. मांडीचं मांस कुठं गेलं, याचं उत्तर मला नंतर वाचायला मिळालं. आयसीयूत निपचित पडलेल्या रोग्यांच्या मांडीचा स्नायू लंडनच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीनं मोजला होता. २०१३ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात पहिल्या १० दिवसांतच स्नायूचा सहावा हिस्सा आणि वर थोडा असा झिजलेला निघाला. दहा दिवसांत सहावा हिस्सा! आमच्या भाऊबंदकीच्या दाव्यातसुद्धा इतक्या झटपट वाटणी होत नाही.

आजाराशी माझी ओळख झाली ती मोठमोठ्या शब्दांतून. अशक्तपणाशी झाली ती चपलेतून. स्लीपरचा पट्टा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात धरून ठेवायला जोर लागतो, हे साठी उलटेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. दोन पावलं टाकली की चप्पल मागं राहायची आणि मी पुढं. मागं वळून ती पायात अडकवायची, तर वळणं हेच मुळात वेगळं प्रकरण होतं : वॉकर उचला, थोडा फिरवा, टेका, पाय आणा, पुन्हा उचला. मालगाडीचं इंजिन पालटायला इतका वेळ लागत नसेल. नातू तेवढ्यात चप्पल उचलून बाहेर ठेवून यायचा, घरात चप्पल घालायची नाही म्हणून.

वॉकर ही वस्तू आपल्या घरांचा विचार करून केलेली नाही. तिला सपाट जमीन लागते. आमच्या घराला तीन उंबरठे, दोन पडव्या आणि मोरीला एक खोलगट पायरी. शहाबादी फरशीवर वॉकरचे रबरी बूट असा आवाज करतात की मी न्हाणीकडं निघालो ही बातमी गल्लीच्या टोकाला कळायची. उंबरठ्यापाशी आलं की वॉकर पलीकडं, मी अलीकडं आणि मधे आमच्या सासूबाईंनी पुजलेलं हळदीकुंकू. तिथं पाय पडला तर पाप, नाही पडला तर मी पडतो.

याच सुमारास घरात फिजिओथेरपीच्या मॅडम यायला लागल्या. वय माझ्या पुतणीएवढं, आवाज शाळेच्या मुख्याध्यापिकेचा. शेजारच्या काकूंनी पहिल्या दिवशी कुंपणावरून विचारलं, “मालिशवाल्या का?” मॅडमनी शांतपणे सांगितलं, “नाही काकू, मी हात नाही लावत. कष्ट काकांनीच करायचे.” काकूंचं तोंड पाहण्यासारखं झालं. पैसे घेऊन कष्ट रोग्यालाच करायला लावणारा वैद्य त्यांनी आजवर पाहिला नव्हता. हे शास्त्र आपल्याकडं रुजलं ते बरंचसं पोलिओच्या मुलांमुळं. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी केंद्र उभं केलं, आणि हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आली १९५५ मध्ये. ते वणीत आमच्या कुंपणापर्यंत पोचायला वेळ लागणारच.

मॅडमचं गणित फार सोपं होतं. खुर्चीत बसायचं, हात छातीवर बांधायचे आणि उठायचं. बसायचं, उठायचं. ३० सेकंदांत किती वेळा जमतं ते मोजायचं. साठ ते चौसष्टच्या पुरुषाला चौदा वेळाही जमलं नाही तर ते कमी समजतात. माझा आकडा सांगण्यासारखा नव्हता. हात छातीवर बांधून मी पुढं झुकायचो, चेहऱ्यावर मोठा निर्धार आणायचो, आणि खुर्ची मला परत बोलावून घ्यायची. मॅडम म्हणायच्या, “काका, नाक पायाच्या बोटांच्या पुढं आणा, मग उठा.” यात खरंच मेख होती. आपण इतकी वर्षं उठतो ते मांड्यांच्या जोरावर, असं समजतो. मुळात अंगाचा भार पुढं पावलांवर आल्याशिवाय मांड्यांना काही करताच येत नाही. खुर्चीतून उठताना म्हातारी माणसं नमस्काराला वाकल्यागत का करतात, ते मला तेव्हा कळलं.

मोजणीत मात्र मॅडमचा हात धरणारा कुणी नाही. “पाच, सहा, सात, आठ… आठ… आठ… हं, काका, हा आठच.” दहा म्हणून सुरू केलेल्या व्यायामात आठ हा आकडा किमान चार वेळा यायचा. शेवटी दहा आले की “आता फक्त पाच.” जिना चढायचा नियमही त्यांनी शिकवला : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मी विचारलं, “यातला चांगला कोणता?” त्यांनी दोन्ही पायांकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “तुम्ही ठरवा.”

आणि ते तीन गोळ्यांचं यंत्र. दवाखान्यातून हे प्लॅस्टिकचं खेळणं प्रत्येकाला मिळतं. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, की एकेका कप्प्यातला गोळा वर जातो. फुंकर मारायची नसते, तरी घरी आलेला प्रत्येक माणूस त्यात आधी फुंकर मारून पाहतो. माझा पहिला गोळा हलायचा, दुसरा विचार करायचा, तिसऱ्यानं तर मला ओळखच दाखवली नाही. नातवानं एका दमात तिन्ही वर नेले आणि तसेच धरून ठेवले. “आबा, असं करायचं,” म्हणाला. मी तिन्ही गोळे वर नेले त्या दिवशी मात्र घरात कुणी नव्हतं. साक्षीदार नसल्यानं तो विक्रम आजही ग्राह्य धरलेला नाही.

पण हे सगळं मॅडमच्या वेळात. बाकीचा दिवस माझी गाठ होती मायेच्या माणसांशी, आणि अशक्त माणसाला मायेच्या माणसांइतका अडथळा दुसरा कुणाचा नसतो.

आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला जाणं हे कर्तव्य आहे आणि ते शक्यतो आठवडे बाजाराच्या दिवशी उरकतात. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं बाजाराला येतात, मिरच्या-वांगी घेतात आणि जाता जाता आजारी माणूस पाहून जातात. पिशवी दारात, बिस्किटाचा पुडा हातात. आत आल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं : “उठू नका, उठू नका!” मी उठायला लागलेला असो वा नसो. मॅडमनी सकाळभर घाम गाळून उठायला शिकवायचं आणि दुपारी तालुक्यानं येऊन निजवायचं.

त्यातून मला एक गोष्ट उमगली. रोगी पडलेला दिसणं ही भेटायला येणाऱ्याची रास्त अपेक्षा असते. माणूस सुतारपाड्याच्या पलीकडून दोन वाहनं बदलून, चेहरा गंभीर करून आलेला असतो. आणि इथं मी ओट्यावर वॉकर धरून उभा! त्याचा चेहरा पडायचा. “आम्ही तर बरंच काही ऐकलं होतं…” असं म्हणताना त्याच्या आवाजात फसवणूक झाल्याची भावना असायची. एक-दोघांनी परतीच्या वाटेवर “काही नाही झालेलं, बिलासाठी ठेवलं होतं” असंही सांगितल्याचं कानावर आलं. मग आमच्या मंडळींनी फर्मान काढलं : फाटक वाजलं की आडवं व्हायचं. पाहुणा गेला की उठायचं.

बाजाराच्या दिवशी फाटक किती वेळा वाजतं याची कल्पना वणीबाहेरच्यांना यायची नाही. आडवा हो, ऊठ, आडवा हो, ऊठ. चादर घे, चादर काढ. संध्याकाळी मांड्या भरून आल्या. दुसऱ्या दिवशी मॅडमनी खुर्चीची चाचणी घेतली आणि चमकल्या. “काका, काल काय केलंत?” मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “पाहुणे चालू ठेवा.”

खाट सोडा, हे काही आजचं खूळ नाही. रिचर्ड ॲशर नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १९४७ मध्येच अंथरुणावर पडून राहण्याचे धोके ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अवयववार लिहून ठेवले : फुप्फुसं, रक्तवाहिन्या, हाडं, पोट, सगळं. हृदयविकाराच्या झटक्यानंतर माणसाला आठवडेच्या आठवडे हलू द्यायचे नाहीत, तेव्हा बॉस्टनच्या लेव्हिन आणि लाऊन यांनी रोग्यांना सरळ आरामखुर्चीत बसवलं आणि १९५२ मध्ये ते जगाला सांगितलं. खुर्चीनं रोग्यांचं काही बिघडलं नाही, उलट त्यांना बरं वाटलं. डॅलस शहरात १९६६ साली पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे नुसतं निजवून ठेवलं होतं. ३० वर्षांनी त्याच पाच जणांना हुडकून पुन्हा तपासलं. पन्नाशी आलेली. तरी ३० वर्षांच्या वयानं त्यांच्या दमसासाचं जेवढं नुकसान केलं, त्याहून अधिक त्या तीन आठवड्यांच्या निजण्यानं केलेलं निघालं.

हे मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचो. प्रत्येक जण लक्ष देऊन ऐकायचा, मान डोलवायचा आणि म्हणायचा, “खरंय. पण तुम्ही पडून ऱ्हा.”

कोलोनची गोष्ट मात्र लोकांना आवडली. जर्मनीतल्या कोलोन शहरात २०१९ साली नासा आणि जर्मन अंतराळ संस्थेनं माणसं हवीत म्हणून जाहिरात केली होती. काम : ६० दिवस खाटेवर पडून राहायचं, डोकं पायांपेक्षा सहा अंश खाली. मोबदला : १६,५०० युरो. अंतराळात वजन नाहीसं झाल्यावर स्नायूंचं काय होतं ते जमिनीवर तपासायला हा एक मार्ग आहे. मी रुपयांत हिशेब करून सांगितला तेव्हा ओट्यावर बराच वेळ शांतता होती. मग गावातले एक गृहस्थ, जे गेली काही वर्षं हेच काम विनामोबदला करतायत, त्यांनी विचारलं, “जेवण त्यांच्याकडं का?”

जेवणाची तर वेगळीच कथा. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी लिहून दिलं होतं : वजनाच्या प्रत्येक किलोमागं १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. मी उरलो होतो साठ किलोचा, म्हणजे दिवसाला ७२ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सहाएक ग्रॅम. घरात धाकट्या भावाच्या गळ्यात माळ, त्यामुळं अंड्याचं नाव काढायचं तर ओट्यावर जाऊन काढावं लागतं. आणि आमच्या आईच्या शास्त्रात आजाऱ्याला एकच पदार्थ, मऊ भात. तुपाचं बोट लावलेला, मिठाचा, गिळायला सोपा आणि स्नायूंच्या दृष्टीनं निरुपयोगी. तिला प्रथिनं हा शब्द पटेना. मग मी हुलग्याचं शेंगोळं मागितलं. ते मात्र पटलं. आमच्याकडं थंडीत आणि अंगात कणकण असताना ते होतंच. त्याच्या जोडीला मटकीची उसळ, दूध, दाण्याचा कूट सढळ. हळूहळू आकडा जमत गेला. एका सकाळी मी मोडाच्या मटकीतली प्रथिनं मोजून दाखवून मिसळीचाही प्रस्ताव ठेवला. मॅडमनी तर्रीतली प्रथिनं विचारली. विषय तिथंच संपला.

पायांत जोर आला तसा नवस जवळ आला. गडावर २०१८ पासून रुळांवरची ट्रॉली आहे, फ्युनिक्युलर म्हणतात ती. गावातून बसलं की काही मिनिटांत देवीच्या पायाशी. घरात वाद पेटला : ट्रॉलीनं गेलेलं नवसात धरायचं का? माझा मुद्दा असा की अठराव्या शतकात उमाबाई दाभाड्यांनी पायऱ्या बांधून दिल्या, तेव्हाही कुणीतरी म्हणालं असेल, पायऱ्यांवरून चढणं हे खरं चढणं नव्हे. त्याआधी लोक कातळाला धरूनच जात असतील. सोय ही भक्तीच्या आड येत असती तर घाटातली एसटी पहिली बंद पडली असती. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मी ‘पायी’ म्हणलेय. देवीनं ऐकलंय.”

देवी ऐकते, हा आमच्याकडं वादाचा विषयच नाही. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी स्तुती म्हणायचे आणि ती ऐकायला तिनं मान कलती केली, अशी कथा आहे. मूर्तीची मान आजही कललेलीच आहे. चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत यात्रा भरते, खानदेशातून माणसं उन्हातान्हात पायी येतात, नाशिककडची वणीवरून जातात. पोरं कडेवर, डोक्यावर गाठोडं. चैत्र पौर्णिमेच्या आदल्या रात्री दरेगावच्या गवळी घराण्यातला मानकरी तो उभा सुळका चढून शिखरावर ध्वज लावतो. कुठल्या वाटेनं चढतो ते खालच्याला दिसत नाही. त्याच तालुक्याच्या शेजारी मी, मोरीची एक पायरी उतरताना कुलदैवताचं नाव घेणारा.

शेवटी तडजोड म्हणून एकदा ट्रॉलीनं नुसतं दर्शन घेऊन यायचं ठरलं. आत्या आणि मी शेजारी शेजारी बसून वर गेलो. आठ फुटांची मूर्ती, अठरा हात. मला तोवर दोन हातांनी सदऱ्याचं वरचं बटण लागत नव्हतं. २०२२ मध्ये मंदिर दीड महिना बंद ठेवून मूर्तीवरचे शेंदराचे शेकडो किलोंचे थर उतरवले, तेव्हापासून मूळ रूप दिसतं. थर उतरले तसं देवीचं तेज वाढलं. माझे उतरले तर बरगड्या दिसल्या. मी हात जोडले. आत्यानं ओटी भरली, डोळे मिटले आणि मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, “माय, हे नुसतं दर्शन. ते बाकी आहे.”

ते अजून बाकीच आहे. वॉकर सुटला, काठी आली, आता पिठाच्या गिरणीपर्यंत काठीशिवाय जाऊन येतो. डबा मात्र नातू धरतो. मॅडमच्या मते इतक्या मोठ्या आजारानंतर पुरती ताकद यायला महिनेच्या महिने जातात, कुणाला वर्षही लागतं, आणि यात्रेची गर्दी ओसरली की टप्प्याटप्प्यानं पायऱ्या करायला हरकत नाही. त्यांनी पायऱ्यांचा आकडा विचारला. मी मला माहीत असलेल्यांतला सगळ्यात लहान सांगितला. देवीनं अद्याप तगादा लावलेला नाही. आत्याचा रोज फोन येतो.

तेव्हा वाचकहो, एवढंच मागणं. बाजाराला आलात आणि एखाद्या दवाखान्यातून सुटलेल्या माणसाकडं डोकावलात, तर बिस्किटाचा पुडा आणू नका. डॉक्टरनं चालायला सांगितलंय का ते त्याच्या घरी विचारा. हो म्हणाले तर त्याला हाताला धरून ओट्यापर्यंत न्या आणि परत आणा. चहा त्यानंतर.